अँटिव्हायरस कोणता, याआधीचे प्रश्न

१९९०च्या जून महिन्यात भारतात एक संगणक विषाणू सापडला. त्याचे नाव ‘जोशी’. दर वर्षी ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि पडद्यावर सूचना देई, ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकित करा. तेवढे टंकित केले की संगणक मुकाट पुढे चालू लागे. हा विषाणू फ्लॉपीतून पसरत असे. आज फ्लॉपी गेली आणि तो खट्याळपणाही गेला. आताचे विषाणू फायली कुलूपबंद करून खंडणी मागतात किंवा पासवर्ड चोरून नेतात. त्यांच्या प्रवासाची रीत मात्र फारशी बदललेली नाही. ठाणे, कल्याण वा डोंबिवलीतल्या विद्यार्थ्याचा पेन ड्राइव्ह सकाळी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, दुपारी स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात आणि रात्री घरच्या लॅपटॉपला लागतो. ड्राइव्हमधले फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसणे, हा अनुभव अनेक विद्यार्थ्यांना नवा नाही.

मुंबई विद्यापीठाची ठाणे आणि कल्याण येथे उपकेंद्रे आहेत. परिसरातल्या महाविद्यालयांची संख्याही मोठी आहे. प्रवेश, शुल्क, अंतर्गत गुण, प्रकल्प हे सारे आता संगणकावर चालते. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या संगणकांसाठी अँटिव्हायरस कोणता घ्यावा, हा प्रश्न प्रत्येक संस्थेत कधी ना कधी पुढे येतो. बहुतेक वेळा त्याचे उत्तर सर्वांत स्वस्त निविदेत शोधले जाते. काही ठिकाणी ते विद्यार्थ्यांच्या खिशावर सोपवले जाते. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

आधी विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपचे पाहू. २०१२च्या विंडोज ८पासून मायक्रोसॉफ्टने ‘डिफेंडर’ हा अँटिव्हायरस विंडोजमध्येच दिला आहे. तो चालू असेल, विंडोज वेळच्या वेळी अद्ययावत होत असेल, तर घरगुती वापरासाठी तो पुरेसा ठरतो. जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ आणि ऑस्ट्रियातील ‘एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज’ या संस्था अँटिव्हायरसच्या स्वतंत्र चाचण्या घेऊन निकाल सर्वांसाठी खुले ठेवतात. खरेदीपूर्वी ते वाचावेत. पुण्यात जन्मलेल्या ‘क्विक हील’सह विकत मिळणाऱ्या अनेक उत्पादनांमध्ये जादा सोयी असतात. ज्याला त्या हव्यात त्याने जरूर घ्याव्यात. पण विद्यार्थ्यावर वार्षिक परवान्याची सक्ती करणे समर्थनीय नाही. एकाच संगणकावर दोन अँटिव्हायरस चालवणेही चुकीचे. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंदावतो.

‘फुकट’ या शब्दापाशीही थांबायला हवे. अँटिव्हायरसला संगणकावरची जवळपास प्रत्येक हालचाल दिसते. ‘अव्हास्ट’ या कंपनीने वापरकर्त्यांच्या इंटरनेट भ्रमंतीची माहिती आपल्या उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. याहून मोठा धोका फुकट मिळणाऱ्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरचा. ते बसवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते आणि विद्यार्थी ती निमूट पाळतो. पहारेकऱ्याला सुट्टी देऊन दार उघडल्यावर पहारेकरी कोणत्या कंपनीचा होता, याला अर्थ उरत नाही.

आता महाविद्यालयाच्या स्वतःच्या संगणकांकडे वळू. खरी काळजी तिथे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा मोफत आधार संपला. प्रयोगशाळांतले अनेक जुने संगणक विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. डिफेंडरला नव्या विषाणूंची ओळख पटवणारी माहिती विंडोज १०वरही २०२८पर्यंत मिळत राहणार आहे. मात्र विंडोजमध्येच सापडणारी नवी भगदाडे त्याने बुजत नाहीत. २०१७च्या मे महिन्यातील ‘वॉनाक्राय’ने हेच दाखवले. ते ज्या भगदाडातून शिरले त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते अडकले. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’चा तडाखा जगभर बसला आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. हा धोका ठाण्यापासून दूर नाही.

जुने संगणक फेकून देण्याची गरज नाही. शैक्षणिक संस्थांना विंडोज १०साठी वाढीव सुरक्षा दुरुस्त्या पहिल्या वर्षी प्रति संगणक १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर अशा नाममात्र दरात देऊ केल्या आहेत. जिथे अभ्यासक्रमाला विंडोज लागत नाही, तिथे लिनक्स बसवता येईल. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात लिनक्सचे धडे मराठीतही उपलब्ध आहेत. अँटिव्हायरसवर खर्च करायचाच, तर तो संस्थेच्या संगणकांवर आणि एका ठिकाणाहून सर्वांवर लक्ष ठेवता येईल अशा उत्पादनावर करावा. त्यातून येणारा इशारा रोज कोण वाचणार, हेही खरेदीच्या वेळीच ठरवावे.

न वाचलेल्या धोक्याची किंमत नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाला विचारावी. ऑक्टोबर २०१९मध्ये तिथे कोणीतरी फसव्या ईमेलमधला दुवा उघडला. घुसखोर दोन महिने जाळ्यात वावरत राहिले आणि २३ डिसेंबरला त्यांनी २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. विद्यापीठाने अखेर ३० बिटकॉइन खंडणी भरली. संशोधन आणि विद्यार्थ्यांचे वर्ष पणाला लागले, तेव्हा दुसरा मार्ग उरला नाही. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये अशाच हल्ल्यानंतर रुग्णनोंदणी अनेक दिवस हाताने करावी लागली.

म्हणून जाळ्याची रचना महत्त्वाची. विद्यार्थ्यांचे वाय-फाय आणि परीक्षा व लेखा विभागाचे संगणक एकाच जाळ्यावर असता कामा नयेत. वाय-फायवरचा एक लॅपटॉप दुसऱ्याला दिसू नये, अशी व्यवस्था राउटरमध्ये करता येते. प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याच्या खात्याला नवे सॉफ्टवेअर बसवण्याचा अधिकार नसावा. गुण आणि शुल्काच्या नोंदींची एक प्रत जाळ्यापासून तोडलेल्या डिस्कवर हवी. ती खरोखर उघडते का, हे सत्रातून एकदा तपासावे. यातल्या बहुतेक गोष्टींना परवाना लागत नाही. त्यासाठी जबाबदार माणूस आणि त्याला दिलेला वेळ लागतो.

विद्यार्थ्यांनाही हात झटकता येणार नाहीत. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प एकाच पेन ड्राइव्हवर ठेवणे म्हणजे वर्षभराची मेहनत टांगणीला लावणे. दुकानात छपाईसाठी पीडीएफ ईमेलने पाठवली तर ड्राइव्ह लावावाच लागत नाही. संशय आल्यास केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर सफाईची साधने मोफत मिळतात. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करावी.

साथीच्या काळात केवळ औषधाची बाटली घेऊन भागत नाही, पाण्याची टाकीही धुवावी लागते. महाविद्यालयांनी पुढच्या अँटिव्हायरसची निविदा काढण्यापूर्वी आपली टाकी कधी धुतली होती, हे आठवून पाहावे.