बडबड्या वकिलाचं कलम

इतिहास हा विषय आपल्यापैकी बहुतेकांनी दहावीच्या बोर्डाचा पेपर टाकला त्याच दुपारी सोडला. त्यानंतर अमेरिका भेटली ती थेट जी.आर.ई.च्या शब्दांच्या याद्यांमध्ये. पण कट्ट्यावर केंद्र विरुद्ध राज्य असा विषय निघाला, की कोणीतरी हमखास म्हणतं, "अमेरिकेत बघ, राज्यं कशी स्वतंत्र असतात!" लगेच दुसरा म्हणतो, "म्हणूनच त्यांच्यात यादवी झाली." दोघंही अर्धे बरोबर आहेत. आणि राहिलेलं अर्धं, मला विचाराल तर, १७ जुलै १७८७ या एकाच दिवसात सापडतं.

त्याआधीची परिस्थिती थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्ययुद्ध चालू असतानाच तेरा राज्यांनी आपापसांत एक करार केला, 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'. १७७७ मध्ये मसुदा झाला आणि मेरीलँडने सही करायला १७८१ उजाडलं. त्यात सुरुवातीलाच लिहिलं होतं की प्रत्येक राज्य आपलं सार्वभौमत्व स्वतःकडे राखून आहे. मध्यवर्ती काँग्रेसला कर लावायचा अधिकार नाही, तिने फक्त राज्यांकडे पैसे मागायचे. राज्यांनी द्यायचे, किंवा द्यायचे नाहीत! आपल्याकडे गॅदरिंगची वर्गणी गोळा करणाऱ्यांना ही अवस्था समजावून सांगायला नको. आयात मालावर ५ टक्के जकात बसवून युद्धाचं कर्ज फेडावं अशी योजना निघाली. पण करारात बदल करायचा तर तेराही राज्यांचा होकार हवा. १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि योजना बारगळली. १७८३ च्या जूनमध्ये तर पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसची इमारत घेरली. काँग्रेसला गाव सोडून प्रिन्स्टनला जावं लागलं. ज्या सरकारने इंग्लंडच्या राजाशी युद्ध केलं, त्याला स्वतःच्या सभागृहाबाहेरचा जमाव हटवता येईना, कारण त्यासाठीही पेनसिल्व्हेनिया राज्याची मदत मागावी लागत होती, आणि ती मिळाली नाही.

तेव्हा मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियात परिषद बसली. एकूण ५५ प्रतिनिधी आले. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवलं नाही. चर्चा गुप्त होती. आज आपल्याला आत काय झालं ते कळतं, ते मुख्यतः व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसनने रोज बसून काढलेल्या टिपणांमुळे. (लेक्चरला नोट्स काढणारा एक तरी असावाच लागतो. फक्त या नोट्स छापून यायला १८४० साल उजाडलं.)

या मॅडिसनला पुढे 'संविधानाचा जनक' म्हटलं गेलं. पण त्याची सगळ्यात लाडकी कल्पना त्या संविधानात नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याला हवा होता राज्यांच्या कायद्यांवर नकाराधिकार. म्हणजे राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला आणि तो राष्ट्रीय विधिमंडळाला पटला नाही, तर तिथेच रद्द. त्याच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच होतं. राज्यं भरमसाट कागदी नोटा छापत होती, कर्जदारांच्या सोयीचे कायदे करत होती, शेजारच्या राज्याच्या मालावर जकात बसवत होती. आळा तर घालायलाच हवा होता.

१६ जुलैला मोठी तडजोड झाली. एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला सारखी मतं. ही तडजोड ५ विरुद्ध ४ अशी, जेमतेम एका मताने मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी नकाराधिकार मताला आला आणि ७ विरुद्ध ३ ने पडला. मॅडिसन इतका निराश झाला, की परिषद संपल्यावर जेफरसनला पाठवलेल्या पत्रांत त्याने या उणिवेबद्दल मोठी काळजी व्यक्त केली आहे.

आणि इथे आमचे हिरो उभे राहतात. ल्यूथर मार्टिन, मेरीलँडचा अॅटर्नी जनरल. हिरो म्हणतोय खरा, पण माणूस हिरोसारखा अजिबात नव्हता. दारू भरपूर प्यायचा आणि बोलायला उभा राहिला की थांबायचा नाही. जूनच्या शेवटी उकाड्यात त्याने दोन दिवस मिळून असं भाषण केलं, की त्याच्या बाजूचे लोकही वैतागले. मत मात्र पक्कं होतं. राज्यं आधी, संघ नंतर, आणि राज्यांचं सार्वभौमत्व कमी करायला ही परिषद बोलावलेलीच नाही.

नकाराधिकार पडल्याबरोबर याच माणसाने ठराव मांडला, की संघाचे कायदे आणि तह हे राज्यांचा सर्वोच्च कायदा समजले जातील आणि राज्याचा कायदा त्याविरुद्ध असला तरी राज्यांची न्यायालयं संघाच्या कायद्याने बांधलेली राहतील. कोणीही विरोध केला नाही. राज्यांच्या सर्वांत कट्टर कैवाऱ्याने केंद्राच्या वर्चस्वाचं कलम स्वतःच्या हाताने मांडलं!

मार्टिनचा हिशोब काय होता? त्याने पुढच्या वर्षी स्वतःच तो सांगितला. नकाराधिकारापेक्षा हे बरं, असं त्याला वाटलं. आपलं विधिमंडळ कोणाच्या परवानगीशिवाय कायदा करेल. वाद झालाच तर आपल्याच राज्याचा न्यायाधीश तो बघेल. शिवाय मूळ ठरावात फक्त राज्यांचे कायदे दुय्यम ठरत होते, राज्यांची संविधानं नव्हेत. पण परिषदेत मसुदा फिरत राहिला आणि अंतिम कलमात राज्यांची संविधानंही दुय्यम झाली. केंद्राची वेगळी खालची न्यायालयं काढण्याची मुभाही आली. मार्टिन सप्टेंबरच्या सुरुवातीलाच सही न करता निघून गेला आणि मेरीलँडमध्ये त्याने या संविधानाविरुद्ध जोरदार प्रचार केला. उपयोग झाला नाही. १७८८ च्या एप्रिलमध्ये तिथे ६३ विरुद्ध ११ मतांनी संविधान संमत झालं.

आता माझं मत. मॅडिसन हुशार होता यात वादच नाही, पण या एका मुद्द्यावर तो चुकला आणि मार्टिन, चुकीच्या हिशोबाने का होईना, बरोबर ठरला. ऑगस्टमध्ये नकाराधिकाराचा विषय पुन्हा उकरून काढला गेला, तेव्हा व्हर्जिनियाच्याच जॉर्ज मेसनने विचारलं, की प्रत्येक राज्याने रस्ता किंवा पूल बांधायचा कायदा केला तरी तो आधी वर पाठवायचा का? आणि ते कायदे तपासत राष्ट्रीय विधिमंडळ बारा महिने बसून राहणार का? आमच्या सिव्हिलच्या मंडळींनी या मेसनचा फोटो डिपार्टमेंटमध्ये लावायला हरकत नाही.

पण प्रश्न नुसता घोड्यावरून कागद नेण्याचा नाही. नकाराधिकारात केंद्राला कारण द्यावं लागत नाही. 'आम्हाला पटलं नाही' एवढं पुरतं. न्यायालयात तसं चालत नाही. तिथे कोणाचं तरी खरंखुरं नुकसान झालेलं असावं लागतं, दोन्ही बाजू मांडल्या जातात आणि न्यायाधीशाला निकालाचं कारण लिहावं लागतं. राज्याचा कायदा रद्द झाला तरी कशामुळे ते कळतं आणि उद्या दुरुस्त कायदा करता येतो. पहिल्या पद्धतीत राज्य हाताखालचं खातं होतं. दुसरीत ते राज्य राहतं, फक्त चुकल्यावर उत्तर द्यावं लागतं.

१८१९ ची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. केंद्राने काढलेल्या बँकेच्या बाल्टिमोर शाखेवर मेरीलँडने कर बसवला. मॅकलक नावाच्या कॅशिअरने तो भरला नाही आणि खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. मेरीलँडच्या बाजूने युक्तिवाद केला... ल्यूथर मार्टिन यांनी! सत्तरीला आलेला म्हातारा तीन दिवस बोलला. काँग्रेसने बँक काढावी असं संविधानात कुठे लिहिलंय, आणि जे लिहिलेलं नाही ते दहाव्या दुरुस्तीने राज्यांकडे राहतं, असा एकूण रोख. सरन्यायाधीश मार्शलने उत्तर दिलं, की जुन्या करारात 'स्पष्ट शब्दांत दिलेले' अधिकारच केंद्राला होते, १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीत तो 'स्पष्ट शब्दांत' शब्दच नाही. (तो घालावा अशी सूचना आली होती आणि ती फेटाळली गेली होती.) आणि संघाचा कायदा सर्वोच्च असेल, तर राज्याला कर लावून संघाची संस्था बुडवता येणार नाही. निकाल एकमताने मेरीलँडच्या विरोधात गेला. ज्या कलमावर तो उभा होता त्याचं मूळ बत्तीस वर्षांपूर्वी मार्टिनने मांडलेल्या ठरावात होतं.

"मग राज्यांचे हक्क वगैरे सगळं गुलामगिरी टिकवायलाच होतं ना?" असं आमचा एक मित्र नेहमी विचारतो. बऱ्याच अंशी हो. १८३२ मध्ये साउथ कॅरोलायनाने जकातीचा केंद्रीय कायदा आम्हाला लागूच नाही असं जाहीर केलं, आणि १८६० पासून जी राज्यं फुटून निघाली ती गुलामगिरीसाठीच. पण याच दक्षिणेला १८५० मध्ये पळालेले गुलाम पकडून देण्याचा कडक केंद्रीय कायदा हवा होता, तेव्हा तिला केंद्राचं वर्चस्व गोड लागलं. उलट उत्तरेकडच्या विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला आणि १८५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनलाच गप्प केलं. त्याआधी १८५७ मध्ये ड्रेड स्कॉटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने काळी माणसं अमेरिकेची नागरिक होऊच शकत नाहीत असा निकाल दिला. म्हणजे न्यायालयाचा मार्ग निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. तो निकाल कारणांसकट लिहिलेला होता. म्हणूनच त्यातलं प्रत्येक कारण लोकांना खोडून काढता आलं आणि १८६८ ची चौदावी दुरुस्ती त्यालाच उत्तर म्हणून आली. मधे जे युद्ध झालं ते मात्र कोणालाच टाळता आलं नाही.

आपल्या घटनाकारांसमोर हे सगळं होतं. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात अमेरिकेचं नाव घेऊनच सांगितलं, की राज्यांना फुटून जाता येणार नाही हे ठरवायला त्यांना यादवी युद्ध लढावं लागलं, आपण ते आधीच स्पष्ट करू. म्हणून आपला देश 'राज्यांचा संघ'. कलम २५४ म्हणजे बरंचसं मार्टिनचंच कलम. समवर्ती सूचीतल्या विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी भिडला, तर सहसा केंद्राचा टिकतो. पण फिलाडेल्फियात पडलेला मॅडिसनचा नकाराधिकारही आपल्याकडे आहे, कलम २०० आणि २०१ मध्ये. राज्यपाल एखादं विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. राष्ट्रपती, म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकार, संमती नाकारू शकतात. विधिमंडळाने तेच विधेयक पुन्हा मंजूर करून पाठवलं, तरी ती संमती बंधनकारक नाही. आणि या कलमात राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय घ्यायचा ते लिहिलेलं नाही. राज्यपालांकडे अडकलेल्या विधेयकांवरून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केवढा वाद झाला, तो पेपरात वाचला असेलच.

पंजाबात किंवा तामिळनाडूत कुठला पक्ष सत्तेवर आहे आणि दिल्लीत कुठला, त्यावर या विषयातली आपली मतं ठरतात, हे मी कट्ट्यावर रोज बघतो. सत्ता बदलली की तीच माणसं बाजू बदलतात, अगदी त्या दक्षिणेसारखी. मला पक्षाशी देणंघेणं नाही. कलम २५४ असताना आणि उच्च न्यायालयं उघडी असताना, निवडून आलेल्या विधिमंडळाचं विधेयक आधीच अडवून ठेवायची सोय कशाला हवी, एवढंच मला कोणीतरी पटवून द्यावं. चहा माझ्याकडून.