संगणकाची करामत आणि कारागिराची नजर

लग्नाचा अल्बम असो, चपलेच्या दुकानाचा फ्लेक्स असो की परगावच्या गिऱ्हाइकाला मोबाईलवर पाठवायचा मालाचा फोटो असो, आज लहानसहान व्यापाऱ्याचे चित्रही संगणकावरून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. वस्तूखाली सावली टाकणे, पितळेला चकाकी आणणे, अक्षरांना सोन्याचा मुलामा देणे, मागे धुके किंवा पाणी दाखवणे ही कामे फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅमला बाहेरून जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांनी, म्हणजेच प्लग-इनने, बटण दाबताच होतात. डीटीपी, फोटो स्टुडिओ आणि फ्लेक्सच्या धंद्यात आपल्यातील कितीतरी तरुण ह्याच कामावर पोट भरतात. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु बटणालाच हुनर समजण्याची जी सवय लागली आहे, ती ह्या तरुणांना आणि त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या व्यापाऱ्यांना, दोघांनाही महागात पडणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे येथे मांडतो.

तयार करामतीचा भाव

फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. थॉमस नोल आणि जॉन नोल ह्या दोन अमेरिकन भावांनी ते तयार केले होते आणि अडोबी कंपनीने ते विकायला काढले. दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली अवजारे ह्या प्रोग्रॅमला जोडता येत असल्यामुळे लवकरच त्यांचा एक वेगळा बाजार उभा राहिला. १९९२ साली काई क्राउझे ह्यांची ‘काईज पॉवर टूल्स’ आली. कागदाचा कोपरा दुमडल्याचा तिचा देखावा इतका चालला की जिकडेतिकडे दुमडलेले कोपरे दिसू लागले. पाठोपाठ एलियन स्किन ह्या अमेरिकन कंपनीच्या संचांनी सावली, उठाव, झळाळी, आग, धूर, क्रोम असे देखावे तयार दिले. त्या काळात अक्षराखाली मऊ सावली टाकणे हे हाताने बऱ्याच वेळाचे काम होते, म्हणून लोक त्यासाठी वेगळे पैसे मोजत.

पुढे काय झाले ते लक्षात घेण्यासारखे आहे. १९९८ साली फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीत सावली आणि उठाव आतच मिळू लागले. काल ज्याचे पैसे पडत होते ते आज प्रत्येकाच्या संगणकात आले. निक नावाचा प्लग-इन संच गुगलने २०१२ साली कंपनीसह विकत घेतला, २०१३ साली त्याचा भाव १४९ डॉलर केला आणि २०१६ साली तो फुकट वाटला. २०१७ साली डीएक्सओ ह्या फ्रेंच कंपनीने तो घेतला आणि पुन्हा विकायला काढला. २०२३ पासून तर फोटोशॉपमध्ये शब्दांत सांगितले की चित्राचा हवा तो भाग कृत्रिम बुद्धिमत्ता भरून देते.

ह्याचा धंद्याच्या भाषेत अर्थ असा, की तयार देखाव्याचा भाव नेहमी उतरत जातो. जो स्टुडिओवाला ‘माझ्याकडे अमुक प्लग-इन आहे’ एवढ्याच भांडवलावर बसला आहे, त्याचे भांडवल दुसऱ्याच्या हातात आहे. शेजारच्या दुकानात तेच बटण आले की त्याची मजुरी निम्म्यावर येते, आणि उद्या गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये आले की ती शून्यावर येते. ह्या तीस-पस्तीस वर्षांत ज्याचा भाव उतरला नाही अशी एकच गोष्ट आहे. चित्र खरे दिसते की खोटे, आणि खोटे दिसत असेल तर का, हे ओळखणारी नजर.

खरे दिसते म्हणजे काय?

ही नजर जन्मजात नसते. जुन्या काळी ब्रोमाईडच्या फोटोंवर हाताने रंग भरणारे उस्ताद शागिर्दाला आधी प्रकाश पाहायला शिकवत. संगणकावरही नियम तेच आहेत.

पहिला नियम प्रकाशाच्या दिशेचा. चप्पल डावीकडच्या खिडकीच्या उजेडात टिपलेली असेल आणि प्लग-इनने सावलीही डावीकडेच टाकली, तर पाहणाऱ्याला चूक सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटे आहे हे त्याचे डोळे ताबडतोब ओळखतात.

दुसरा नियम सावलीच्या पोताचा. वस्तू जिथे जमिनीला टेकते तिथे सावली गडद आणि रेखीव असते. जसजशी दूर जाते तसतशी ती फिकट आणि मऊ होते. तयार सावली बहुधा सगळीकडे सारखीच मऊ असते, म्हणून भांडे हवेत तरंगल्यासारखे दिसते. त्यावर उपाय म्हणजे दोन थर करणे: तळाशी एक अरुंद गडद सावली आणि तिच्याखाली एक पसरट फिकट सावली. शिवाय सावली निव्वळ काळी कधीच नसते. लाल गालिच्यावरची सावली गडद लाल असते, उघड्या आकाशाखालची किंचित निळसर असते. उन्हाची सावली धारदार, ढगाळ दिवसाची जवळजवळ नाहीशी.

तिसरा नियम धातूचा. धातू आपल्याभोवतीचे जग परत दाखवतो. मुरादाबादी पितळेचा लोटा निळ्या भिंतीपुढे ठेवला की त्याच्या अंगावर निळे येते. क्रोमचे प्लग-इन मात्र कुठल्याशा काल्पनिक आकाशाचे प्रतिबिंब लोट्यावर चिकटवते, आणि लोटा प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसू लागतो. बीदरी कामाची तर ह्याने हत्याच होते. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची जडणूक करून, बीदरच्या किल्ल्यातील मातीचा लेप देऊन ती वस्तू काळी केली जाते. चमक न मारणारा तो काळा रंग आणि त्यातून उठणारी चांदी, हेच तर त्या कामाचे मोल! त्या काळ्यावर झळाळी चढवली की शेकडो वर्षांचे हुनर आणि बाजारातला रंगवलेला पत्रा ह्यांत फरक उरत नाही.

चौथा नियम रवाळपणाचा. कॅमेऱ्याच्या फोटोत बारीक दाणा असतो, कमी उजेडात तो वाढतो. दुसरीकडून आणून चिकटवलेली गुळगुळीत पार्श्वभूमी आणि दाणेदार नवरा-नवरी एका चौकटीत नांदत नाहीत. अशा वेळी शेवटी संपूर्ण चित्रावर एकसारखा हलका दाणा टाकावा. दाणा टाकणारी प्लग-इने आहेत, आणि माझ्या मते आग-धुराच्या प्लग-इनपेक्षा ती कितीतरी अधिक कामाची आहेत.

छपाईचा हिशेब

पडद्यावर सुंदर दिसणारा देखावा कागदावर का मरतो, ही तक्रार प्रत्येक डीटीपीवाल्याकडे येते. पडदा तीन रंगांच्या प्रकाशाने चित्र दाखवतो, ऑफसेटचे यंत्र चार शाया कागदावर टेकवते. पडद्यावरची झगझगीत निळी किंवा हिरवी झळाळी शाईत उतरतच नाही. बरीच प्लग-इने आरजीबीमध्येच चालतात. त्यामुळे काम आरजीबीमध्ये करावे, पण छपाईच्या रंगांत ते कसे दिसेल हे गिऱ्हाइकाला पसंतीसाठी दाखवण्याआधी तपासून घ्यावे. पसंती पडद्यावरच्या रंगाला आणि पैसे कागदावरच्या रंगाला, असा व्यवहार झाला की भांडण ठरलेलेच.

मापाचेही तसेच. दहा पिक्सेलची सावली ७२ डीपीआयच्या चित्रात सुमारे साडेतीन मिलिमीटर रुंद येते, तर ३०० डीपीआयच्या पत्रिकेत एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. फ्लेक्ससाठी जमवलेला देखावा जशाच्या तसा लग्नपत्रिकेवर उचलला तर सावली दिसेनाशी होते ती ह्यामुळे.

शोभा कोणती, लबाडी कोणती?

आता मुख्य मुद्दा. देखावा खरा वाटावा यासाठीच ही सारी धडपड आहे, आणि नेमके त्यातच जोखीम आहे. अल्बमच्या पानावर मागे बर्फाचे डोंगर टाकले, पत्रिकेच्या अक्षरांवर सोने चढवले, तर कोणी फसत नाही. ती सजावट आहे हे देणाराही जाणतो, घेणाराही. पण चपलेच्या फोटोत चामड्याचा डाग पुसला, शिवणीचा तुटलेला टाका जोडला, फिकट हिमरू शालीचा रंग गडद केला आणि तोच फोटो मालाचा म्हणून विकायला लावला, तर त्याला शोभा म्हणता येत नाही. तराजूला आपण हात लावत नाही, मग फोटोला का लावावा? परगावच्या गिऱ्हाइकाला माल हाताळता येत नाही. त्याच्यासाठी फोटो हाच तराजू आहे.

कायदाही आता हेच सांगतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीला विक्रेत्याकडून अशी हमी घ्यावी लागते, की मालाचे वर्णन आणि चित्रे अचूक आहेत व मालाच्या प्रत्यक्ष रूपाशी आणि दर्जाशी जुळतात. जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे माल नसेल तर तो परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कारागीर स्वतः माल बनवून विकतो तेव्हा उत्पादक तोच असतो, हे विसरू नये.

‘चमक नसेल तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते,’ असे अनेक दुकानदार म्हणतात. त्यांची अडचण खोटी नाही. पण परत आलेल्या मालाचा जाण्या-येण्याचा खर्च, मळलेले पॅकिंग, अडकलेले पैसे आणि खाली लिहिलेला वाईट शेरा एकदा वहीत मांडून पाहावा. चकाकीने जोडलेले गिऱ्हाईक एकदाच येते. फोटोत पाहिले तेच हातात पडले की ते स्वतः परत येते, चार जणांना सांगते, आणि बरकत तिथून सुरू होते.

चोरीच्या प्रतीचा प्रश्न

कोणाला कटू वाटले तरी आणखी एक गोष्ट बोललीच पाहिजे. पेन ड्राइव्हवरून फिरणारे चोरीचे फोटोशॉप आणि त्यासोबतच्या प्लग-इनच्या गठ्ठ्यावर किती दुकाने चालतात हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब म्हणते की चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणाऱ्यास कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. अशा गठ्ठ्यांतून व्हायरस येतात आणि गिऱ्हाइकांच्या लग्नाचे फोटो एका रात्रीत जातात, तो भाग वेगळाच. आपले डिझाईन दुसऱ्याने उचलले की आपण चिडतो. मग दुसऱ्याच्या मेहनतीचे मोलही मानले पाहिजे.

पैशाची सबब आता तितकीशी टिकत नाही. २०१३ पासून अडोबीने नवीन आवृत्त्या भाड्याने देण्याची पद्धत सुरू केली आणि छोट्या माणसाला ती जड जाते, हे मान्य. पण गिम्प हा प्रोग्रॅम १९९० च्या दशकापासून फुकट आणि कायदेशीर उपलब्ध आहे. त्याला जोडता येणारे जी-मिक हे फ्रान्समधील संशोधकांनी तयार केलेले प्लग-इनही फुकट आहे आणि त्यात शेकडो देखावे आहेत. हात बसायला दोन-तीन महिने लागतील. त्यानंतर मात्र दुकानावर कोणाची धाड पडण्याची भीती राहत नाही.

काय करावे?

व्यापाऱ्यांनी डिझाईन करणाऱ्या मुलाला ‘जरा चमकव’ एवढेच सांगून मोकळे होऊ नये. मालाचा एक नग त्याच्या टेबलावर ठेवावा आणि फोटो त्या नगाशी जुळवून घ्यावा. फोटो काढताना पहिल्या फोटोत मालाशेजारी एक पांढरा कागद ठेवावा. संगणकावर तो कागद पांढरा दिसेल असा रंग जुळवला की मालाचा रंग आपोआप खऱ्याजवळ येतो. खिडकीचा मऊ उजेड आणि दुसऱ्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा, एवढ्याने निम्मी प्लग-इने अनावश्यक ठरतात.

स्टुडिओवाल्या तरुणांनी रोज एक वस्तू उन्हात, ट्यूबलाइटखाली आणि दिव्याजवळ ठेवून तिची सावली नुसती पाहावी. तीच सावली संगणकावर प्लग-इनशिवाय हाताने करून पाहावी. जो ती हाताने करू शकतो, त्याच्या हातात प्लग-इन हे चांगले अवजार आहे. त्याचा वेळ वाचतो आणि काम उजळते. ज्याला ती हाताने जमत नाही, त्याला प्लग-इनने काय बिघडवले हेही कळणार नाही.

आणि ज्या गावांत दहा-वीस कारागीर एकत्र आहेत, तिथे सर्वांनी मिळून एक खोली, एक बरा कॅमेरा आणि शिकलेला एक मुलगा ठेवायला काय हरकत आहे? दलालाच्या फोटोवर दलालाचा भाव लागतो. आपल्या मालाचा खरा आणि नीट फोटो आपल्या हाती असला, तर भाव सांगण्याचा अधिकारही हळूहळू आपल्याकडे येईल.