पाचशे मीटरची पळवाट

तलावांचा जिल्हा म्हणून मिरवणाऱ्या भंडाऱ्यात प्लॉट बघायला गेलात, की दाखवणारा माणूस रस्ता, नाली, विजेचा खांब असं सगळं दाखवतो आणि शेवटी सांगतो, ‘पाण्याचं टेन्शन नाही भाऊ, बोअर मारली की पाणी.’ सध्या तरी त्याचं म्हणणं बऱ्याच ठिकाणी खरं ठरतं. पण ते पाणी जमिनीत उतरायला जागा कुठे ठेवली, हे ना घेणारा विचारतो, ना विकणारा सांगतो.

सरकारने हा प्रश्न कागदावर तरी विचारला आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवं बांधकाम करायचं, तर पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय हवीच. ती नीट राखली नाही, तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला जास्तीत जास्त १,००० रुपये आकारता येतात. एवढ्या पैशाला कुठला बिल्डर घाबरणार?

आता ५०० चौरस मीटर म्हणजे जवळपास ५,४०० चौरस फूट. भंडारा, तुमसर, साकोलीत नोकरदार माणूस कर्ज काढून घेतो तो प्लॉट दीड-दोन हजार फुटांचा. गाव वाढतं ते याच घरांनी, आणि नेमकी तीच नियमातून सुटतात. आपल्याकडे वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे हजार चौरस फुटांच्या एका स्लॅबवर साधारण एक लाख वीस हजार लिटर पाणी येतं. पाच हजार लिटरचे चोवीस टँकर, आणि ते सगळे सरळ नालीत. तामिळनाडूने २००३ मध्ये लहान-मोठं न बघता सगळ्याच इमारतींना ही सक्ती केली होती.

पण छोट्या घरांनाही सक्ती करून नुसते शोषखड्डे वाढवले की भागेल, असं वाटत नाही. नियमावलीतला शोषखड्डा १.२० मीटर लांब, तेवढाच रुंद आणि दोन-अडीच मीटर खोल. आत खडी, रेती, वर छिद्रांची फरशी. मी पाहिलेल्या एका तीनमजली इमारतीत गच्चीवरून आलेला पाईप या खड्ड्यापासून हातभर अलीकडेच थांबला होता. पाणी पार्किंगमधून वाहत रस्त्यावर जात होतं आणि फरशीवर तुळशीची कुंडी ठेवली होती. शिवाय वैनगंगेकाठच्या सखल वस्त्यांत ऑगस्टमध्ये विहिरीच काठोकाठ भरतात, तिथे खड्डा पाणी घेणार कुठे? उंचावरच्या भागात मात्र तो कामाचा. एकच नकाशा दोन्हीकडे चालत नाही.

खरं नुकसान घर बांधण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेलं असतं. बेला, गणेशपूरकडे धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, एनएटीपीचे (बिगरशेती आणि नगररचना मंजुरीचे) फलक लागतात तेव्हा पहिल्यांदा धुरे, म्हणजे बांध, फुटतात, मग मुरूम पडतो. चिखलणी केलेल्या बांधीत पाणी हळू जिरतं, हे खरं. पण अख्खा पावसाळा ते तिथे उभं असतं. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचंही तसंच. पाळ (बांध), सलंग (सांडवा), तुडुम (पाणी सोडायचं दार), सगळं उताराचा अंदाज घेऊन केलेलं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारचे झाले. पाळ सातबाऱ्यावर शाबूत राहते, पण तलावात पाणी आणणारा ओहोळ कोणाच्या तरी ले-आऊटमध्ये पाईपात कोंबला जातो. मग तलाव भरत नाही आणि खालच्या गल्लीत मात्र गुडघाभर पाणी.

म्हणून माझं म्हणणं, पुनर्भरणाची अट घरमालकाआधी ले-आऊटवाल्याला लावा. त्यासाठी नवा कायदा नको. ले-आऊटच्या खुल्या जागेतही पुनर्भरण करायचं, हे त्याच नियमावलीत लिहिलेलं आहे, आणि ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटला १० टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. आज ही जागा म्हणजे विकता न येणारा वाकडा कोपरा. नकाशात बाग, प्रत्यक्षात कचरा. ती उताराच्या तोंडाशी घ्यायला लावली आणि तिथे एक बोडी, म्हणजे छोटं तळं, खणली, तर पन्नास घरांचं पाणी एका जागी थांबेल. खर्च सगळ्या प्लॉटांत वाटला जाईल, म्हणून घरं महागतील ही ओरडही टिकणार नाही. मंजुरीच्या पत्रात दोन ओळी वाढवाव्यात: ओहोळ नकाशावर दाखवा, आणि बोडी भरलेली दिसल्याशिवाय पहिला प्लॉट विकू नका.