औषधशाळेतील जागल्यास अभय कोणाचे?

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच मुखोद्गत केले आहेत. यांपैकी भिषक् व द्रव्य यांविषयी आपल्या परिषदांतून विपुल ऊहापोह होतो. उपस्थाता मात्र बहुधा उपेक्षित राहतो. रुग्णाच्या उशाशी बसणारा परिचारक एवढाच त्याचा अर्थ आता उरलेला नाही. कोठारात मुळ्या व साली निवडणारा मदतनीस, भट्टीजवळचा कारागीर, प्रयोगशाळेतील रसायनज्ञ या सर्वांच्या हातांतून आपले औषध जाते. द्रव्यात खोट असेल तर ती वैद्याच्या आधी त्यांना कळते. कळल्यावर त्यांनी ती उघड केली, तर त्यांच्या नोकरीचे काय होते, हा प्रश्न आम्ही येथे उपस्थित करू इच्छितो.

रात्री गावाची राखण करणाऱ्यास पूर्वी जागल्या म्हणत. संस्थेतील गैरप्रकार आतून उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी मराठी वृत्तपत्रांनी हाच शब्द योजला, आणि तो समर्पकच आहे. फरक इतकाच की, गावचा जागल्या ओरडला तर लोक काठ्या घेऊन बाहेर येत. आजचा जागल्या ओरडला तर बहुधा त्यालाच बाहेर काढले जाते.

आपल्या देशात या विषयाला तोंड फुटले ते एका तरुण अभियंत्याच्या हत्येने. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार सत्येंद्र दुबे यांनी २००२ साली थेट पंतप्रधान कार्यालयास कळविला व आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते गुप्त राहिले नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. लोकक्षोभानंतर एप्रिल २००४ मध्ये केंद्र शासनाने एक ठराव करून अशा तक्रारी स्वीकारण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविले. पुढे संसदेने २०१४ साली स्वतंत्र कायदा संमत केला, त्यास राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. परंतु तो अंमलात आणण्याची अधिसूचना अद्याप निघालेली नाही. दशकाहून अधिक काळ एक कायदा कागदावरच राहतो, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते.

आणि तो अंमलात आला तरी आपल्या औषधशाळांतील नोकरास त्याचा उपयोग नाही, कारण त्याचा रोख लोकसेवकांच्या भ्रष्टाचारावर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने तक्रारीची अंतर्गत यंत्रणा सक्तीची केली, तीही शेअर बाजारात नोंदलेल्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या अथवा बँका व वित्तसंस्थांकडून पन्नास कोटींहून अधिक कर्ज उचलणाऱ्या कंपन्यांपुरती. दहा-पंधरा माणसांवर चालणारी आपली फार्मसी या दोन्ही कुंपणांच्या बाहेरच राहते. औषधांविषयीच्या १९४० च्या कायद्यात भेसळयुक्त व बनावट आयुर्वेदीय औषधे बनविणाऱ्यास शिक्षा आहे. ती भेसळ दाखवून देणाऱ्या नोकरास अभय देणारी तरतूद मात्र त्यात नाही.

औषधनिर्मितीच्या क्षेत्रात अशा अभयाचे मोल किती असते, हे रॅनबॅक्सी प्रकरणाने दाखविले. औषधांच्या चाचण्यांची माहिती बनावट असल्याचे दिनेश ठाकूर या अधिकाऱ्याच्या लक्षात आले. कंपनीत दाद लागत नाही असे पाहून त्यांनी २००५ साली राजीनामा दिला व अमेरिकेच्या औषध प्रशासनास कळविले, तेही प्रथम टोपणनावाने. मे २०१३ मध्ये कंपनीने तेथील न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. ठाकूर यांना त्यातून सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर मिळाले. हा वाटा देणारा अमेरिकेचा कायदा १८६३ सालचा, यादवी युद्धात सैन्यास निकृष्ट माल पुरविणाऱ्या ठेकेदारांना आळा घालण्यासाठी केलेला. सूडबुद्धीने काढून टाकलेल्या कर्मचाऱ्यास पुन्हा कामावर घेऊन थकलेल्या वेतनाच्या दुप्पट रक्कम द्यावी, अशी तरतूद त्यात १९८६ साली झाली. बक्षिसाची पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी आणावी असे आम्ही म्हणत नाही. औषधे मात्र भारतात बनली आणि दाद परदेशात लागली, हे विसरता येत नाही.

घरचे गाऱ्हाणे वेशीवर टांगू नये, असे आपल्यापैकी काही ज्येष्ठ म्हणतील. त्यांना आम्ही २००४ सालची आठवण करून देतो. बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा अर्सेनिक आढळल्याचे त्या वर्षी अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या पाहणीच्या पद्धतीविषयी मतभेद असू शकतात. पण बातमी जगभर गेली आणि उत्तर देत बसण्याची वेळ आपल्यावर आली. सांधेदुखीच्या चूर्णात स्टिरॉइड मिसळणाऱ्यांमुळेही हेच घडते. आतल्या माणसाचे वेळीच ऐकले असते तर परक्याकडून ऐकण्याचा प्रसंग टळला असता.

खोट्या तक्रारींची भीती निराधार नाही. प्रतिस्पर्ध्याच्या चिथावणीने एखादा नोकर काहीही बोलू शकतो. यावर उत्तर २०१४ च्या कायद्यातच आहे: जाणूनबुजून व दुष्ट हेतूने केलेल्या खोट्या तक्रारीस दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा तेथे आहे. प्रामाणिक समजुतीने तक्रार केली व ती चुकीची निघाली, तर शिक्षा नाही. हा भेद आपणही पाळावा.

शासनाची वाट न पाहता संघटनेने आपल्या सभासदांच्या औषधशाळांसाठी व रुग्णालयांसाठी लेखी नियम करावेत, असे आमचे मत आहे. तक्रार मालकाकडे न जाता जिल्ह्याबाहेरील दोन ज्येष्ठ वैद्यांकडे जावी. नमुना मोहोरबंद करून शासनमान्य प्रयोगशाळेत पाठवावा. तक्रारदाराचे नाव त्या दोघांपलीकडे जाऊ नये. लहान संस्थेत हे कठीण आहे, कारण त्या कोठाराची किल्ली कोणाकडे असते हे सर्वांस ठाऊक असते. म्हणूनच तक्रारीनंतर वर्षभरात त्या कर्मचाऱ्यास काढावयाचे झाल्यास त्यामागे आकस नाही, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असावा. खोट सिद्ध झाल्यास प्रकरण अन्न व औषध प्रशासनाकडे सोपवावे, सभासद कितीही प्रतिष्ठित असो.

येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत या नियमांचा मसुदा ठेवावा, अशी विनंती आम्ही कार्यकारिणीस करीत आहोत. स्वतःची औषधशाळा असणाऱ्या सभासदांनी आपले आक्षेप सभेपूर्वी लेखी कळवावेत.