वर्गणीच्या पलीकडचा खर्च

पावसाळा ओसरून घाटांतील दरडींचे भय निवळले, की आपल्या प्रांतातील सायकल-मंडळांच्या दप्तरांत एकच लगबग सुरू होते. हिवाळ्यातले रविवार परस्परांत वाटून घेतले जातात, मार्ग आखले जातात, पोलीस ठाण्यांकडे परवानगीचे अर्ज रवाना होतात, आणि मग रात्री उशिरापर्यंत लांबलेल्या एखाद्या बैठकीच्या अखेरीस, सर्वांना घरी जाण्याची घाई झालेली असताना, यंदा शुल्क किती ठेवायचे हा प्रश्न कोणीतरी काढतो व गतवर्षीच्या आकड्यात थोडीशी भर घालून तो तेथल्या तेथे निकालात निघतो. सामुदायिक राईडचे आयोजन करणाऱ्या, तीत मार्शल म्हणून चौकाचौकांत उभे राहणाऱ्या आणि सर्वांच्या मागून येणाऱ्या गाडीत पंपासह बसणाऱ्या मंडळींसाठीच हे मासिक निघत असल्यामुळे, बैठकीत ज्या प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे येतात त्याला येथे थोडी ऐसपैस जागा देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शुल्क फार झाले अशी स्वारांची तक्रार असते आणि एवढ्यात भागत नाही अशी आयोजकांची. दोन्ही तक्रारी बहुधा खऱ्या असतात, आणि तरीही दोन्ही पक्ष ज्या रकमेवरून भांडतात ती एकंदर खर्चातील लहानशीच बाब असते. राईडला येणाऱ्या माणसाला ती प्रत्यक्षात किती रुपयांना पडते हे ठरते ते सुटण्याच्या वेळेवरून, सुटण्याच्या ठिकाणावरून, सक्तीच्या सामानाच्या यादीवरून आणि निवडलेल्या वारावरून. हे सारे निर्णय आयोजकच घेतात. मात्र त्यांची नोंद त्यांच्या किर्दीत कोठेही होत नाही, कारण तो पैसा त्यांच्या हातून जात नाही.

ही गोष्ट ज्याला फार लवकर उमगली, किंवा निरुपायाने उमजून घ्यावी लागली, असा एक आयोजक सायकलच्या इतिहासात होऊन गेला. ‘लोटो’ या फ्रेंच क्रीडापत्राचा संपादक आंरी देग्रांज याने १९०३ साली फ्रान्सभोवतीच्या शर्यतीची घोषणा केली तेव्हा ती पाच आठवडे चालावयाची होती आणि प्रवेशशुल्क वीस फ्रँक होते. नावे आली अवघी पंधरा. तेव्हा त्याने शर्यतीचा कालावधी तीन आठवड्यांच्या आत आणला, शुल्क निम्म्यावर उतरवले, आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, ताशी वीस किलोमीटरची सरासरी राखणाऱ्या पहिल्या पन्नास स्वारांना दररोज पाच फ्रँक देण्याचे कबूल केले; ही रक्कम कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या त्या काळच्या रोजाएवढी होती. १ जुलैला साठ स्वार मार्गस्थ झाले. देग्रांजला आपल्या पत्राचा खप वाढवावयाचा होता, परोपकार हा त्याचा हेतू नव्हता, आणि त्याच्या एकूण स्वभावाविषयी फारसे गोड बोलण्यासारखे काही नाही. परंतु दहा फ्रँकांची सूट देऊन न थांबता त्याने स्वाराचा बुडणारा रोज हाही सहभागाच्या खर्चातच धरला, एवढे श्रेय त्याच्या पदरी घालावेच लागते.

पुढल्याच वर्षी, १९०४ साली, याच देग्रांजने इटलीतील एका प्रथेचे अनुकरण करून, ठराविक मुदतीत लांब पल्ला गाठणाऱ्या हौशी स्वारांना दाखला देण्याची पद्धत फ्रान्समध्ये सुरू केली, आणि तिच्यातूनच आज आपल्याकडील पुष्कळ मंडळे ज्याच्या मान्यतेने ब्रेवे भरवितात तो ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ उभा राहिला. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस ही कोष्टके आमच्या वाचकांना तोंडपाठ असतील. परंतु या पद्धतीच्या अर्थशास्त्राकडे जितके लक्ष जावयास हवे तितके जात नाही. तीत पहिल्या आलेल्याला बक्षीस नाही, म्हणून बक्षिसाचा निधी नाही. नियंत्रण-ठाण्यांव्यतिरिक्त वाटेत कोणाची मदत घ्यावयाची नाही, म्हणून सोबत गाड्यांचा ताफा नाही. ठाणे गाठल्याचा पुरावा म्हणून एटीएमची चिठ्ठी किंवा चहाच्या दुकानाची वेळ छापलेली पावतीही अनेक ठिकाणी चालते, म्हणून प्रत्येक ठाण्यावर मंडप नको. पदक हवे असेल त्याने निराळे पैसे भरून घ्यावे. नको असेल त्याच्या दाखल्यात त्यामुळे काडीचेही न्यून येत नाही. वाहन केवळ मानवी बळावर चालणारे असावे एवढीच मुख्य अट. त्याला गिअर असावेत असे नियमात कोठेही लिहिलेले नाही. रात्रीसाठी पुढचा-मागचा दिवा आणि परावर्तक जाकीट यांची मात्र सक्ती आहे, आणि ती असलीच पाहिजे.

अर्थात, याच पद्धतीच्या शिखरावर जी राईड आहे तिचा खर्च पाहिला म्हणजे शुल्काचा आकडा किती फसवा असतो हे कळून येते. दर चार वर्षांनी भरणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचे अंतर सुमारे बाराशे किलोमीटर आणि कमाल मुदत नव्वद तास. परंतु तीत नाव दाखल व्हावे म्हणून त्याच वर्षी दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशेचे ब्रेवे, म्हणजे एकूण दीड हजार किलोमीटर, पुरे करावे लागतात, आणि आदल्या वर्षी ज्याने अधिक लांबीचा ब्रेवे केला असेल त्याला नोंदणीची खिडकी आधी उघडते. नाशिकच्या किंवा पुण्याच्या स्वाराने विमानाचे भाडे, व्हिसा, सायकल बंद करून नेण्याची पेटी, रांबुइये येथील मुक्काम आणि कचेरीतून मागून घेतलेली रजा यांची बेरीज मांडली, तर नोंदणीचे शुल्क त्या बेरजेच्या तळाशी दिसेनासे होते. एवढा खर्च करून जाणाऱ्याला आम्ही नावे ठेवीत नाही. हौसेला मोल नसते हे आपल्याकडे पूर्वापार मान्य आहे. गाऱ्हाणे आहे ते, घरच्या दाराशी भरणाऱ्या साठ किंवा शंभर किलोमीटरच्या साध्या राईडीही हळूहळू त्याच वळणावर चालल्या आहेत, याचे.

पहाटे साडेपाचला पुण्याहून सुटणारी राईड घ्या. साताऱ्याच्या किंवा नगरच्या स्वाराला तिला यावयाचे तर आदल्या सायंकाळीच निघावे लागणार, सायकलसह खोलीत घेईल असे लॉज शोधावे लागणार, आणि परतीसाठी सायकल मावेल अशी गाडी ठरवावी लागणार. हीच राईड त्याच मार्गावर उलट दिशेने साताऱ्याहून सोडली असती तर तोच भार पुण्याच्या स्वारांवर पडला असता, आणि वर्षातून एकदा तो त्यांच्यावर पडावयास काय हरकत आहे? रविवार हा सुटीचा वार कचेरीतल्या माणसाचा. दुकानात काम करणाऱ्या, साप्ताहिक सुटी सोमवारी मिळणाऱ्या मुलाला रविवारची राईड एका दिवसाच्या पगाराला पडते. जाहिरातीत ‘फक्त गिअरची सायकल’ असे ठसठशीत अक्षरांत छापणाऱ्या मंडळांना आमचा सरळ सवाल आहे की, ज्या मार्गात घाटाचा एकही चढ नाही तेथे, रोज कामावर जाण्यासाठी काळी सायकल दामटणाऱ्या आणि आपल्यापैकी अनेकांपेक्षा अधिक किलोमीटर तोडणाऱ्या माणसाला कोणत्या कारणास्तव मज्जाव केला जातो? शुल्कातच गोवलेल्या जर्सीविषयी तर जितके थोडे बोलावे तितके बरे. एखाद्या उत्साही स्वाराच्या कपाटात आज इतक्या जर्सी साठल्या आहेत की त्यांचे काय करावे हा त्याच्या घरात स्वतंत्र विवादाचा विषय झाला आहे, आणि त्यांतील प्रत्येकीचे पैसे त्याने राईडचे शुल्क म्हणून भरलेले आहेत.

एवढे बोलल्यावर आयोजकांची बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. रुग्णवाहिकेचे भाडे पन्नास स्वार आले तरी तेच आणि दीडशे आले तरी तेच. विमा, नाश्ता आणि पाणी मात्र डोईप्रमाणे वाढते. म्हणून संख्या वाढवली की माणशी खर्च उतरतो असा हिशेब पुष्कळजण मांडतात, आणि येथेच ते चुकतात. पुढचा स्वार ताशी तीस किलोमीटरने आणि मागचा पंधराने चालला, तर दोन तासांत त्यांच्यामध्ये तीस किलोमीटरचे अंतर पडते, आणि एवढ्या लांब पसरलेल्या मंडळीस एक रुग्णवाहिका असून नसल्यासारखीच. म्हणजे मोठ्या राईडला दुसरी रुग्णवाहिका, दुसरी मदतगाडी, आणखी मार्शल हे आलेच. शिवाय मार्शलांना कोणी छदामही देत नाही. उलट ते आपल्या गाडीत आपलेच पेट्रोल घालून येतात, आणि जमाखर्चात त्यांच्या नावापुढे शून्य लिहिलेले असल्यामुळे राईड आहे त्याहून स्वस्त भासते.

मग सारे विनामूल्य करावे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. फुकट राईडला नाव नोंदवून न येणारे लोक किती असतात हे ज्याने शंभर माणसांचे पोहे करवून निम्मे वाटसरूंना वाटले आहेत त्याला विचारावे. प्रायोजकाचा पैसा घेतला की मार्ग त्याच्या दुकानावरून वळतो आणि सुरुवात त्याच्या भाषणापायी अर्धा तास लांबते. ऊन मात्र कोणासाठी थांबत नाही. यापेक्षा अनामतीची पद्धत शतपटीने बरी: नोंदणीच्या वेळी मध्यम रक्कम घ्यावी आणि सकाळी जो हजर होईल त्याला ती तेथेच परत करावी.

आपल्या मातीतील दाखलाच द्यावयाचा तर दिंडीचा देता येईल. पंढरीच्या वाटेवर दिंडीत चालणारा वारकरी दोन वेळच्या जेवणासाठी भिशी भरतो. ती कशाची हे त्याला आणि दिंडीच्या चालकाला दोघांनाही नेमके ठाऊक असते, आणि पखवाज चांगला वाजतो म्हणून तीत कोणी निराळी आकारणी करीत नाही. आपल्या शुल्काला हा नेमकेपणा यावा असे आम्हांस वाटते. सुरक्षिततेची बाब, म्हणजे विमा, रुग्णवाहिका आणि मार्शलांचा प्रत्यक्ष खर्च, ही सर्वांकडून सक्तीने घ्यावी आणि तीत काटकसर करू नये; खाण्यापिण्याची बाब डोईप्रमाणे निराळी दाखवावी; पदक, जर्सी, छायाचित्रे व प्रमाणपत्राची चौकट ही ज्याची त्याने इच्छेप्रमाणे विकत घ्यावीत. राईड झाल्यावर महिन्याभरात जमाखर्च सर्व स्वारांकडे धाडावा, आणि शिल्लक राहिल्यास ती पुढील वर्षी शुल्कातून वजा करावी किंवा मंडळाकडे भाड्याने देण्याजोगे दिवे, हेल्मेट आणि परावर्तक जाकिटे विकत घेण्यास लावावी. नव्या माणसाची सुरुवात जर उसन्या हेल्मेटवर होऊ शकली तर त्याचा पहिला रविवार किती स्वस्त पडेल याचा विचार व्हावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर उतरला ही समाधानाची गोष्ट आहे, परंतु ज्याच्याकडे सायकल आधीच आहे त्याला राईडपर्यंत आणण्याचे काम त्या सवलतीने होणार नाही.

शुल्क परत करण्याचा मुद्दा राहिला. ‘कोणत्याही कारणास्तव रक्कम परत मिळणार नाही’ हे वाक्य एका जाहिरातीतून दुसरीत इतक्या सहजपणे उतरवले जाते की ते लिहिणाऱ्यानेही वाचलेले नसावे. स्वार आजारी पडला तर त्याचे नाव दुसऱ्याकडे वर्ग करू द्यावे; परवानगी न मिळाल्याने किंवा अतिवृष्टीने राईडच रद्द झाली तर प्रत्यक्ष झालेला खर्च तेवढा वजा घालून बाकी परत करावी, आणि तो किती झाला ते पावत्यांसह दाखवावे.

आमच्या ‘आगामी राईड’ या सदरात आजवर तारीख, अंतर आणि शुल्क एवढेच छापत असू. पुढील अंकापासून प्रत्येक राईडपुढे शुल्कात काय अंतर्भूत आहे, सक्तीचे सामान कोणते, बाहेरगावच्या स्वाराला मुक्काम करावा लागेल काय, आणि रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हेही छापले जाईल. ही माहिती ज्या मंडळाकडून येणार नाही त्याच्या राईडची नोंद सदरात घेतली जाणार नाही. छापील जाहिरातीचे पैसे भरणाऱ्या मंडळांनाही हा नियम लागू राहील.