डिस्चार्जआधी गिळणं तपासा



विषाणूजन्य आजारातून माणूस वाचला की घरचे निःश्वास टाकतात आणि रुग्णालय डिस्चार्जचा कागद हातात ठेवतं. पण ताप उतरला म्हणजे घासही उतरेल, असं नाही. कोरोनात जे बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होते, त्यांची श्वासाची नळी स्वरयंत्रातून गेलेली होती. ती काढल्यावर अनेकांचा आवाज बसला, साध्या पाण्याचाही ठसका लागू लागला. २०२४च्या पावसाळ्यात गुजरातेत मुलांना गाठणारा चांदीपुरा विषाणू तर थेट मेंदूलाच सूज आणतो. १९६५ साली तो पहिल्यांदा सापडला आपल्या नागपूरजवळ. मेंदूज्वर कोणत्याही विषाणूचा असो, त्यातून बचावलेल्या काहींचं बोलणं आणि गिळणं मागे पडतं. म्हणून माझी मागणी एकच आहे: सुरतच्या सिव्हिल आणि स्मीमेर रुग्णालयांतून असा कोणताही रुग्ण गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय घरी जाऊ नये.

यामागचं कारण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. आजाऱ्याला पचायला हलकं म्हणून आपण वरणाचं पाणी, पेज, चहा देतो, तेही पडल्या पडल्या चमच्याने. पण घशाचे स्नायू दुबळे असतील तर पातळ पदार्थच सगळ्यात धोक्याचा असतो, कारण गिळण्याची क्रिया सुरू व्हायच्या आत तो श्वासनलिकेत शिरतो. पाणी प्यायल्यावर आवाज घरघरता, ओलसर झाला, तर ती धोक्याची खूण आहे. काहींना तर ठसकाही लागत नाही. अन्न गुपचूप फुप्फुसात जातं आणि काही दिवसांनी न्यूमोनिया होतो. मग घरचे म्हणतात, आजार उलटला. यावर कुणी म्हणेल की हे हळूहळू आपोआप बरं होतं. पुष्कळांचं होतं, हे खरं. पण तोवरचे आठवडे रुग्णाने कुपोषण आणि न्यूमोनियाच्या तोंडी काढायचे का? गिळणं तपासणारे वाचा-उपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीत, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. तरीही पहिली चाळणी प्रशिक्षित परिचारिका खाटेशेजारीच करू शकते: रुग्णाला ताठ बसवायचं, मोजून पाणी द्यायचं, खोकला आणि आवाज नीट ऐकायचा. शंका येईल तेवढेच रुग्ण तज्ज्ञाकडे जातील.

खर्चाचं म्हणाल तर आयुष्मान योजनेत डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. गिळण्याचे आणि बोलण्याचे व्यायाम मात्र महिनोन्महिने चालतात. दिव्यांग म्हणून मदत मागावी, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा व भाषा दोष आहे, गिळण्याचा नाही. शिवाय भाषेचा प्रश्न आहेच. लिंबायत, उधना, पांडेसरा भागांत धुळे-जळगाव-नंदुरबारची हजारो कुटुंबं राहतात. त्यांना हिंदी-गुजराती समजते, मग मराठीची वेगळी सोय कशाला, असं विचारलं जाईल. निरोगी माणसाला समजते. पण ज्याचे शब्दच हरवलेत त्याला, किंवा नुकतं बोलू लागलेल्या पोराला, घरच्या बोलीतूनच परत बोलतं करावं लागतं. जी महापालिका मराठी शाळा चालवते, तिला हे पटवून द्यावं लागू नये. १९९४च्या प्लेगनंतर याच शहराने आपली आरोग्यव्यवस्था मुळापासून बदलून दाखवली होती. त्यापुढे ही मागणी फारच लहान आहे. सुरुवात म्हणून डिस्चार्जच्या कागदावर मराठीत एवढं तरी छापा: काय पातळ द्यायचं, काय घट्ट, कसं बसवून भरवायचं, आणि ठसका लागला तर कुठल्या खिडकीवर यायचं.

– एक वाचक, लिंबायत, सुरत