वहीचीं कोरीं पानें

आमच्या एका विद्यार्थ्याची एक वही मी गेलीं तीन वर्षें पाहत आलों आहें. ती शाळेच्या कोणत्याही विषयाची नव्हे. तिच्यांत पक्षी आहेत. हा मुलगा शनिवार पेठेंत, ओंकारेश्वराच्या देवळापासून हांकेच्या अंतरावर राहतो. दर रविवारीं पहांटे उठून तो मुठेच्या कांठीं जाई, तासभर बसे, आणि जें दिसेल तें तारीख, वेळ व हवामान यांसह टिपून ठेवी. खंड्या, ढोकरी, पाणकावळा, शेकाट्या अशीं नांवें त्या पानांवर पुनःपुन्हां येतात. चित्रें फारशीं चांगलीं नाहींत. परंतु नोंदी इतक्या प्रामाणिक कीं, जेथें पक्षी ओळखतां आला नाहीं तेथें "ओळखतां आला नाहीं" असें तो निःसंकोच लिहितो. एवढें एक वाक्य लिहितां येणें ही शिक्षणाची अर्धी कमाई होय, असें मी समजतों.

सहामाही परीक्षेनंतर मीं ती वही मागितली, तेव्हां तो घुटमळला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून पानें कोरीं होतीं. आजारी होतास काय, अभ्यास वाढला काय, असे प्रश्न करून मी थकलों. अखेर मान खालीं घालून त्यानें खरें कारण सांगितलें. शिकवणीच्या वर्गांत येणारी एक मुलगी त्याच्या मनांत भरली होती. ती, तिच्या मैत्रिणी व याचे कांहीं सोबती रविवारीं सकाळीं एकत्र जमत. तेथें जावें तर नदी सुटते, नदीवर जावें तर ती भेट सुटते. त्यांतच सोबत्यांपैकीं कोणीं तरी त्याचें नांव "बगळा" असें ठेविलें होतें; तें नांव तिच्यादेखत उच्चारलें जाईल या धास्तीनें त्यानें दुर्बीणच कपाटांत टाकून दिली होती. "सर," तो म्हणाला, "दोहोंपैकीं एक सोडावेंच लागतें ना?"

त्या दिवशीं मीं त्याला उत्तर दिलें नाहीं. मला विचार करावयाचा होता. आज तें येथें देत आहें, तेंही त्याची संमति घेऊन. कारण हा प्रश्न एकट्या त्याचा नाहीं. जे पंधराव्या-सोळाव्या वर्षांत पाऊल टाकीत आहेत त्या सर्वांचा, आणि ज्यांनीं तें वय केव्हांच ओलांडलें त्या पालकांचाही तो आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, त्या मुलाच्या मनांत जें उमललें तें पापही नव्हे आणि थट्टेचा विषयही नव्हे. आपण वडील मंडळी या बाबतींत दोन चुका करतों. कोणी हंसण्यावारी नेतो, कोणी आकाश कोसळल्यासारखा ओरडतो. दोहोंचा परिणाम एकच होतो: मूल बोलेनासें होतें. ज्या वयांत सल्ल्याची गरज सर्वांत अधिक, त्याच वयांत त्याचे सल्लागार त्याच्याइतकेच अजाण असे सोबती उरतात. एखाद्याचें बोलणें, चालणें, हंसणें आपल्याला आवडावें, त्याच्या सहवासाची ओढ लागावी, हें मनुष्याच्या मनाचें साहजिक वळण आहे. त्याला शिस्त हवी, पण त्याबद्दल लाज वाटण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मीं त्याला एकच प्रश्न विचारला होता: "तिनें तुला नदीवर जाऊं नकोस असें म्हटलें काय?" तो चमकला. म्हणाला, "नाहीं सर. तिला तें ठाऊकच नाहीं." वाचकहो, सगळें मर्म येथेंच आहे. ज्या त्यागाची कोणीं मागणी केली नव्हती, तो त्यानें करून टाकला होता. त्या मुलीला काय आवडेल याचें एक चित्र त्यानें मनाशीं रंगविलें, आणि त्या चित्राला शोभावें म्हणून आपल्याच अंगाचा एक चांगला भाग कापून टाकला. ज्याला तो प्रेम समजत होता त्यांत प्रेमापेक्षां भीतीचा वांटाच मोठा होता.

हें मी अधिकारानें बोलतों, कारण याच वाटेनें मीही गेलों आहें. सतराव्या वर्षीं मी बासरी वाजवीत असें. फार चांगली नव्हे. पण सायंकाळीं जिन्यांत बसलों म्हणजे तासाचें भान राहत नसे. शेजारच्या वाड्यांतील एका मुलीविषयीं माझ्या मनांत असाच ओलावा उत्पन्न झाला होता. एके दिवशीं तिच्यासमोर एका मित्रानें "हा पहा आमचा गुराखी" असें म्हटलें, आणि ती हंसली. त्या रात्रीं मीं बासरी ट्रंकेच्या तळाशीं ठेवून दिली. पुढें त्या कुटुंबानें बिऱ्हाड बदललें, आणि तो विषय तेथेंच संपला. बारा-तेरा वर्षांनीं एका लग्नसमारंभांत त्या बाईंची गांठ पडली. कुशल विचारून झाल्यावर त्यांनीं पहिला प्रश्न केला, "तुम्ही अजून बासरी वाजवतां का हो? आमच्या घरीं ऐकूं येत असे." मी काय उत्तर देणार? घरीं येऊन ती बासरी काढली. फुंकर होती, पण बोटें जागचीं हालेनात. मुलगी गेली याचें दुःख मला केव्हांच उरलें नव्हतें. बासरी गेली याचें मात्र आजतागायत आहे. त्या बाईंचा यांत कांहीं दोष नाहीं. दोष माझा.

आतां या मुलाला ज्यांचें नांव पाठ आहे त्यांचेंच उदाहरण घेऊं. डॉ. सालिम अली यांचा जन्म 1896 सालचा, मुंबईचा. लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीनें त्यांना पक्ष्यांचें वेड लावलें. 1918 सालीं तेहमिना यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. बर्लिनला पक्षिशास्त्राचें शिक्षण घेऊन 1930 सालीं ते परतले, तेव्हां त्यांना नोकरी नव्हती. अशा वेळीं पत्नीनें "हें वेड आतां पुरे" असें म्हटलें असतें, तर तिला कोण नांवें ठेविता? परंतु तीं दोघें अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिलीं, आणि तेथें सालिम अलींनीं सुगरण पक्ष्याचा तो प्रसिद्ध अभ्यास केला. पुढील पाहणींच्या काळांत तेहमिनाबाई रानावनांतल्या मुक्कामांत त्यांच्याबरोबर राहिल्या. 1939 सालीं त्या वारल्या. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ 1941 सालीं निघाला, आणि 1987 सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांचें काम चालूच होतें. त्यांच्या जीवनांत प्रेमानें छंदाची जागा घेतली नाहीं. तें छंदाच्या शेजारीं येऊन बसलें.

आणि त्या सुगरणीचेंच पहा ना! नांव स्त्रीलिंगी असलें तरी घरटें विणतो तो नर. तो घरटें अर्धें विणतो; मग मादी येते, आंत शिरून पाहते, वीण तपासते, आणि पसंत पडलें तर राहते. उरलेलें घरटें त्यानंतर पुरें होतें. वीण टाकून मादीच्या मागें हिंडणाऱ्या नराच्या पदरीं काय पडणार? माझ्या विद्यार्थ्याला हें सांगतांच तो हंसला आणि म्हणाला, "पण सर, तोच नर पुढें दुसरें घरटें बांधून दुसऱ्या मादीला बोलावतो!" त्याचें म्हणणें शास्त्रशुद्ध होतें. पक्ष्यांपासून सगळेंच शिकूं नये, एवढेंच मीं त्याला सांगितलें.

दुसरें उदाहरण आमच्या पुण्याचेंच आहे, आणि शनिवार पेठेशीं त्याचा एक हृद्य धागा आहे. बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालय पुष्कळांनीं पाहिलें असेल. दिनकर गंगाधर केळकर हेही 1896 सालींच जन्मले. घरचा धंदा चष्म्यांचा, हृदय कवीचें. "अज्ञातवासी" या नांवानें ते कविता लिहीत. 1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तु गोळा करण्याचा नाद लागला. दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या, वाद्यें, कोरीव दरवाजे, म्हणजे ज्या वस्तु लोक अडगळ म्हणून टाकीत किंवा मोडींत घालीत, त्या त्यांनीं गांवोगांव हिंडून जमविल्या. पत्नी कमलाबाई यांची त्यांत साथ होती. एकुलता एक मुलगा राजा लहानपणींच गेला; त्याचें नांव त्यांनीं या संग्रहाला दिलें. 1975 सालीं हा सारा ठेवा त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यांत वीस हजारांहून अधिक वस्तु आहेत.

त्याच संग्रहालयांत मस्तानी महाल आहे. कोथरूडच्या मूळ महालाचे अवशेष आणून केळकरांनीं तो तेथें पुन्हां उभा केला. शनिवारवाड्याची पायाभरणी पहिल्या बाजीरावानें 1730 सालीं केली. 1828 सालच्या आगींत आंतले महाल जळाले, आणि आज तेथें तट, दरवाजे व जोतीं उरलीं आहेत. मस्तानीचें नांव एका दरवाजाला आहे, पण तिच्या घराचें जें लांकूड आज हातानें चांचपतां येतें, तें एका चष्मेवाल्या कवीच्या छंदामुळें टिकलें. प्रेमाची एवढी गाजलेली कथा. तिची खूण राखली ती छंदानें! ज्याला लोक रिकामपणाचा उद्योग म्हणतात, तो कोणाकोणाच्या उपयोगीं पडेल हें त्या वेळीं कोणालाच सांगतां येत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "म्हणजे माणसांपेक्षां वस्तु व पक्षी श्रेष्ठ म्हणावयाचे काय?" तसें मुळींच नाहीं. छंद हें लपण्याचें बीळही होऊं शकतें. चार माणसांत बोलण्याचें धैर्य नाहीं म्हणून जो नदीवर पळतो, त्याच्या पक्षिनिरीक्षणाचें मी कौतुक करणार नाहीं. मित्र आजारी असतां, घरीं काम असतां, किंवा कोणीं मनापासून हांक मारली असतां एक रविवार सोडावा, दोन सोडावे. वेळ देणें ही गोष्ट निराळी, स्वतःला पुसून टाकणें ही निराळी. वेळ दिलेला माणूस दुसऱ्या रविवारीं पुन्हां नदीवर दिसतो. पुसून टाकलेल्याची वही कोरीच राहते. आणि ज्याच्या पसंतीसाठीं आपण स्वतःला पुसलें, त्यानें पसंत करावयाचें तरी कोणाला? आंत कोणी उरलेंच नाहीं!

मुलींनो, हें मीं मुलांसाठीं लिहिलें असें समजूं नका. तुम्हांला तर हें दुप्पट लागू आहे. मुलानें छंद सोडला तर निदान कोणी कारण विचारतो. मुलीनें सोडला तर तिला समजूतदार म्हणतात. आमच्या पेठांतल्या किती घरांच्या माळ्यावर गवसणींत बांधलेला तंबोरा किंवा सतार पडून आहे, आणि तिची मालकीण खालीं स्वयंपाकघरांत आहे! तिला वाजवूं नको असें बहुधा कोणीं स्पष्ट सांगितलेंही नसेल. तिनेंच कोणाच्या तरी मनाचा अंदाज बांधला, आणि तो अंदाज जन्मभर खरा मानला. तेव्हां कोणी तुमच्या मनांत भरला, तर त्याला आपली वही आधीं दाखवा. ती पाहून जो कंटाळला, त्याच्याविषयीं वेळींच कळलें हें बरें झालें. ज्यानें एक प्रश्न विचारला, त्याच्याशीं खुशाल बोला.

आणि सुज्ञ पालकहो, आपल्यालाही दोन शब्द. मुलाचा फोन तपासण्यापूर्वीं त्याची वही पहा, त्याचा पेटीचा सूर ऐका. ज्या दिवशीं सूर थांबला, ज्या दिवशीं बॅट कोपऱ्यांत धूळ खाऊं लागली, त्या दिवशीं गुण घसरण्याची वाट न पाहतां त्याच्याजवळ बसा. "परीक्षेचें वर्ष आहे, हे नाद बंद" असें आपण म्हणतों, तेव्हां कोणाच्याही नाराजीपुढें आपली आवड सोडून द्यावी हाच धडा आपण त्याला देत असतों. मग तोच धडा त्यानें दुसऱ्या कोणासाठीं गिरविला तर आपण रागवावयाचें कोणत्या तोंडानें?

या मुलाचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. त्या मुलीशीं त्याचें काय बोलणें झालें तें मला ठाऊक नाहीं. मीं विचारलेंही नाहीं. तें त्या दोघांचें आहे. एवढें मात्र खरें कीं, मागच्या आठवड्यांत त्यानें आपण होऊन वही माझ्या मेजावर आणून ठेविली. कोरीं पानें त्यानें फाडलीं नव्हतीं, तशींच ठेविलीं होतीं. तें मला फार आवडलें. त्यांच्यापुढच्या पानावर तारीख होती, वेळ होती, "धुकें, थंडी" अशी हवामानाची नोंद होती, आणि खालीं एकच ओळ: "करडा धोबी परत आला."

हा पक्षी दरवर्षीं हिवाळा काढावयास दूर उत्तरेकडून आमच्या नदीवर येतो. यंदाही तो आपल्या वेळेवरच आला असेल. पाहणारा तेवढा उशिरां पोंचला, पण पोंचला.